रंगीत वेष आणि आतला कलावंत

(तालुक्याच्या गावी भरलेल्या लोककला शिबिरात शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या शिबिरात लोकोत्सवांतील कलावंतांविषयी मी काही बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. इथे जमलेल्या मंडळींपैकी कितीतरी जणांनी शिगम्याच्या मांडावर रात्री जागवल्या आहेत, काल्यात आणि दशावतारी नाटकात तोंडाला रंग लावला आहे. त्यांच्यापुढे घुमट आणि शामेळ यांविषयी मी बोलणे म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवण्यासारखे आहे. म्हणून मी आपल्याला थोडे दूर नेणार आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेडुतांचे जे संगीत 'कंट्री म्युझिक' या नावाने ओळखले जाते, त्याच्या उत्सवांतून वावरलेल्या काही रंगेल कलावंतांची हकीगत मी सांगणार आहे. आपल्या घरातील गोष्ट कधी कधी परक्याच्या आरशात अधिक स्पष्ट दिसते. शेवटी मी घरी परत येईन आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही देईन.

हे संगीत कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यातील फिडल, म्हणजे आपले व्हायोलिन, ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतवाल्यांनी आणले. बँजो हे वाद्य गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या स्मरणातून आणि हातांतून जन्मले. (आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो 'बेंजो' निराळा, तो बुलबुलतरंगाच्या कुळातला.) तारेवर पोलादी कांडी सरकवून वाजवायची गिटार हवाई बेटांतून तिकडे गेली, आणि तीच गिटार पुढे आपल्या देशातही येऊन रागदारीत रुळली. शेतमजूर, खाणकामगार, रेल्वेचे ब्रेक्समन, गिरण्यांतील स्त्रिया यांनी हे सारे एकत्र कालवले. लोककलेचा कुळाचार असाच असतो. तिच्यात शुद्ध रक्त शोधू गेल्यास हाती काही लागत नाही.

हे संगीत घरच्या ओसरीवरून जगाच्या चव्हाट्यावर आले ते रेडिओमुळे. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या शहरी एका विमा कंपनीने 1925 साली डब्ल्यूएसएम नावाचे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरच्या रात्री जॉर्ज हे या निवेदकाने ध्वनिक्षेपकापुढे अंकल जिमी थॉम्प्सन या 77 वर्षांच्या म्हाताऱ्याला बसवले आणि फिडल वाजवायला सांगितले. तासभर वाजवल्यावर 'दमलात का?' असे विचारले असता, तासाभरात माणूस गरमसुद्धा होत नाही, अशा अर्थाचे उत्तर म्हाताऱ्याने दिले, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडच्या एखाद्या भजनी बुवाचीच आठवण व्हावी! पत्रांचा पाऊस पडला आणि शनिवारच्या रात्रीचा तो कार्यक्रम कायमचा सुरू झाला.

दोन वर्षांनी, 1927 साली, त्याला नाव मिळाले. अगोदर अभिजात संगीताचा कार्यक्रम प्रक्षेपित होत असे व त्यानंतर या खेडवळ मंडळींची पाळी येई. त्या रात्री हे यांनी गमतीने म्हटले, की आतापर्यंत आपण 'ग्रँड ऑपेरा' ऐकलात, आता आमची 'ग्रँड ओल ऑप्री' ऐका. ऑपेरा या शब्दाचा तो गावठी उच्चार. थट्टेत पडलेले हे नाव आजही टिकून आहे.

आता वेषाकडे येऊ. आपण चित्रात पाहतो ते कंट्री कलावंत गवती टोपी, खांद्यावर पट्टे असलेली शेतकी विजार आणि ढगळ शर्ट घातलेले असतात. पाहणाऱ्याला वाटते, ही साधी माणसे शेतातून उठून थेट मंचावर आली आहेत. खरी हकीगत वेगळी आहे. आरंभीच्या वाद्यवृंदांपैकी एकाचे प्रमुख डॉ. हंफ्री बेट हे विद्यापीठात वैद्यक शिकलेले डॉक्टर होते. सुरुवातीच्या छायाचित्रांत त्यांची मंडळी कोट आणि टाय अशा नीटस पोशाखात दिसतात. खेड्यातील माणूस चारचौघांत जाताना पेटीतला चांगला कपडा काढतो. तसाच त्यांनीही काढला होता. परंतु हे यांना श्रोत्यांपुढे 'खेडूत' हवा होता. त्यांनी मंडळींचे कोट उतरवून त्यांना शेतकी विजारी चढवल्या आणि त्यांच्या वृंदाचे नाव 'पॉसम हंटर्स', म्हणजे रानातला एक लहान प्राणी मारणारे शिकारी, असे ठेवले. दुसऱ्या एका वृंदाचे नाव 'फ्रूट जार ड्रिंकर्स' पडले. फळांच्या बरणीतून चोरटी दारू पिणारे, असा त्यातला ध्वनी.

मित्रहो, इथे जरा थांबावे. खेड्याचा म्हणून जो वेष जगाला दिसला, तो खेड्याने निवडलेला नव्हता. शहरातील संयोजकाच्या मनात खेड्याचे जे चित्र होते, ते कलावंताच्या अंगावर चढले. यात लबाडी होती असे मी म्हणत नाही. हे यांच्यामुळेच ही कला जगली, हेही तितकेच खरे आहे. पण वेष कोणी ठरवला, हा प्रश्न प्रत्येक उत्सवात विचारण्याजोगा आहे.

काही कलावंतांनी मात्र आपला वेष स्वतः घडवला आणि तो मनापासून मिरवला. अंकल डेव्ह मेकन यांचे उदाहरण घ्या. जन्म 1870 चा. खेचरांच्या गाड्यांतून मालवाहतूक करणे हा त्यांचा धंदा. मोटार-ट्रक आले आणि तो धंदा बुडाला. पन्नाशी उलटलेला हा गाडीवान आपला बँजो घेऊन व्यावसायिक मंचावर चढला. उंच हॅट, दुहेरी गुंड्यांचे जाकीट, सोन्याचे दात, आणि वाजवता वाजवता बँजो हवेत गरगर फिरवून पुन्हा ताल न चुकता धरण्याची हातोटी, असा सारा थाट होता. यंत्राने ज्याची गाडी मोडली, त्याला यंत्रानेच, म्हणजे रेडिओने, घराघरांत पोहोचवले. 1952 साली मृत्यू येईपर्यंत ते गात राहिले.

ग्रँडपा जोन्स यांची गोष्ट गमतीची आहे. 1935 च्या सुमारास, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पहाटेच्या रेडिओ कार्यक्रमात त्यांचा आवाज म्हाताऱ्यासारखा वाटे. सहकाऱ्याने त्यांना 'आजोबा' म्हणायला सुरुवात केली. पोराने खोटी मिशी लावली, जुने बूट चढवले आणि तो आजोबा झाला. पुढे वर्षे गेली, खोट्या मिशीच्या जागी खरी आली आणि सोंग सत्यात विरून गेले. 1998 साली ते वारले तेव्हा ते खरोखरच चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा होते.

आणि मिनी पर्ल! हॅटला किमतीची चिठ्ठी तशीच लटकत ठेवून ही बाई मंचावर येई. चिठ्ठीवर आकडा असे 1 डॉलर 98 सेंट. नवी हॅट घेतल्याच्या आनंदात चिठ्ठी काढायची राहून गेलेली भोळी खेडवळ मुलगी, असे ते सोंग होते. सोंग घेणारी सारा कॉली ही मात्र चांगल्या घरची, महाविद्यालयात नाट्यशिक्षण घेतलेली स्त्री. 1936 साली गावोगाव हौशी नाटके बसवत फिरत असता अलाबामा राज्यात एका डोंगरातल्या म्हाताऱ्या बाईच्या घरी तिने मुक्काम केला. तिच्या बोलण्यातला गोडवा आणि मिस्कीलपणा साराच्या मनात भरला आणि त्यातून मिनी पर्ल जन्मली. 1940 पासून पन्नास वर्षे तिने ऑप्रीच्या श्रोत्यांना हसवले. खेडुतांनी तिला आपली मानली, याचे कारण मला असे दिसते की ती खेड्याला हसत नव्हती. ती खेड्यातील एक होऊन स्वतःला हसत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले जेव्हा 'गावंढळ' पात्र रंगवतात, तेव्हा हा भेद शिक्षकांनी जरूर ध्यानात घ्यावा. हशा दोन्हीकडे येतो, पण एकात माणूस मोठा होतो आणि दुसऱ्यात लहान.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कलावंतांच्या वेषात आणखी एक पालट झाला. गवती टोपी मागे पडली आणि झगमगाट आला. त्याचा मुख्य शिल्पकार एक शिंपी होता, हे आपल्याला ऐकायला आवडेल. न्युडी कोन याचा जन्म 1902 साली कीव्ह शहरी झाला. लहानपणीच तो अमेरिकेत आला, अनेक ठोकरा खाल्ल्या आणि 1947 साली हॉलिवूडच्या परिसरात त्याने दुकान थाटले. शिलाईयंत्र घ्यायलाही पैसे नव्हते, तेव्हा टेक्स विल्यम्स या गायकाने एक घोडा विकून त्याला यंत्र घेऊन दिले. त्या ऋणाची फेड त्याने गायकांच्या अंगावर काचमणी, खडे आणि भरतकाम चढवून केली. पोर्टर वॅगनर या गायकाच्या कोटावर त्याने गाडीची चाके भरली. 'वॅगन' म्हणजे गाडी, तेव्हा नावावरची ती कोटीच होती. न्युडी स्वतः दोन पायांत दोन निराळे बूट घाली. गरिबीत जुळणारा जोड मिळाला नाही, त्याची आठवण म्हणून आपण असे करतो, असे तो सांगे. त्याच्याच दुकानात हात बसलेला मॅन्युएल क्वेव्हास हा मेक्सिकोचा कारागीर पुढे नामांकित झाला. अस्सल अमेरिकन म्हणून जो वेष जगभर ओळखला जातो, तो असा परदेशातून आलेल्या शिंप्यांच्या सुईने घडला आहे.

पोर्टर वॅगनरच्याच कार्यक्रमात 1967 साली डॉली पार्टन ही तरुणी दाखल झाली. डोंगराळ भागातील बारा भावंडांचे घर. लहानपणी आईने चिंध्या जोडून तिच्यासाठी एक रंगीबेरंगी कोट शिवला. तो घालून ती मोठ्या आनंदाने शाळेत गेली आणि मुले तिला हसली. त्या दुःखावर तिने रचलेले 'कोट ऑफ मेनी कलर्स' हे गीत 1971 साली प्रसिद्ध झाले. गाण्याचे शब्द तिने प्रवासात लिहिले, आणि जवळ कागद नव्हता म्हणून वॅगनरच्या एका झगमगीत कोटाच्या धुलाईच्या पावतीमागे लिहिले. श्रीमंत कोटाच्या पावतीवर गरीब कोटाचे गाणे! कोणा कथाकाराने हा प्रसंग रचला असता तर आपण त्याला अतिशयोक्त म्हटले असते. या बाईंच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. ती खंत मनात धरून तिने 1995 साली लहान मुलांना घरपोच पुस्तके पाठवण्याची योजना सुरू केली. आपल्या जिल्ह्यापुरती सुरू झालेली ही योजना अनेक देशांत पसरली आणि वाटलेल्या पुस्तकांची संख्या 20 कोटींच्या वर गेली. कपड्यांवरून माणसाची पारख करणाऱ्यांना यापरते उत्तर कोणते?

आता एक वेदनेची गोष्ट. ज्या रात्री 'ऑप्री'ला नाव मिळाले, त्या रात्री पहिली तान कोणाची होती? ती डिफोर्ड बेली या कृष्णवर्णीय कलावंताच्या तोंडबाजाची, म्हणजे हार्मोनिकाची होती. आगगाडीचा वेग, चाकांचा खडखडाट, शिटी हे सारे तो त्या चिमुकल्या वाद्यातून उभे करी. 1899 चा जन्म, बालपणी पोलिओ झालेला, ठेंगण्या बांध्याचा हा माणूस त्या काळी ऑप्रीचा सर्वांत लाडका वादक होता. नवे गायक दौऱ्यावर निघाले की गर्दी जमावी म्हणून त्याला बरोबर नेत. मात्र सहकारी ज्या उपाहारगृहात जेवत व ज्या हॉटेलात झोपत, तेथे वर्णभेदामुळे त्याला प्रवेश नसे. 1941 साली गीतांच्या हक्कांच्या मोबदल्यावरून नभोवाणी केंद्रे आणि हक्कधारक संस्था यांच्यात तंटा पेटला. त्यामुळे बेलीच्या गाजलेल्या चिजा वाजवण्यास बंदी आली आणि थोड्याच दिवसांत त्याला कामावरून कमी करण्यात आले. पुढे त्याच्या आळसाला दोष देणारा मजकूरही छापला गेला. तो 'आळशी' माणूस नॅशव्हिलमध्ये लोकांचे बूट पॉलिश करण्याचे दुकान चालवून आपला संसार रेटत राहिला. 1974 साली त्याला जुन्या कलावंतांच्या मेळाव्यासाठी पुन्हा मंचावर बोलावले. 1982 साली तो गेला. कंट्री संगीताच्या सन्मान-दालनात त्याचे नाव लागले ते 2005 साली, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

चार्ली प्राइड हा दुसरा कृष्णवर्णीय गायक. मिसिसिपीतील कूळ-शेतकऱ्याचा मुलगा. 1966 च्या सुमारास त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या, तेव्हा गायकाचे छायाचित्र छापण्याचे टाळण्यात आले. आवाज आवडल्यावर रंग कळला तर चालेल, असा हिशेब. पाच वर्षांनी, 1971 साली, त्याच क्षेत्राच्या संघटनेने त्याला वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंत ठरवले. श्रोता कधी कधी संयोजकापेक्षा मोठ्या मनाचा असतो, हे त्यावरून दिसते.

उत्सवांच्या रचनेविषयी दोन शब्द सांगतो, कारण इथे अनेक संयोजक बसले आहेत. व्हर्जिनिया राज्यातील गॅलॅक्स या लहान गावी 1935 पासून फिडलवादकांचा मेळावा भरतो. तो स्थानिक मंडळाने उभा केला. तिथे नामांकितांपेक्षा स्पर्धक अधिक, आणि खरा आनंद मंचावर नसून तंबूंच्या तळावर असतो. अनोळखी माणसे वर्तुळ करून रात्रभर वाजवतात, पोरे म्हाताऱ्यांच्या बोटांकडे पाहून शिकतात. दुसरा प्रकार नॅशव्हिलच्या 'फॅन फेअर'चा. 1972 साली सुमारे पाच हजार लोकांच्या उपस्थितीत तो सुरू झाला. आज तो मोठा महोत्सव आहे. त्याचे वैशिष्ट्य असे, की कलावंत मानधन न घेता गातात, चाहत्यांना जवळून भेटतात आणि उत्पन्नाचा एक भाग मुलांच्या संगीतशिक्षणाकडे वळवला जातो. 1996 साली गार्थ ब्रुक्स हा आघाडीचा गायक तिथे सलग तेवीस तास उभा राहून सह्या देत होता. श्रोत्याला मान देण्याची ही रीत मला मोलाची वाटते. आणि 1974 साली ऑप्री नव्या भव्य सभागृहात गेली, तेव्हा जुन्या रायमन सभागृहाच्या मंचातून लाकडाचा एक गोल तुकडा कापून नव्या मंचाच्या मध्यभागी बसवण्यात आला. आजचा गायक त्या जुन्या लाकडावर उभा राहून गातो. पूर्वसूरींच्या पायांखालची जागा विसरू नये, म्हणून केलेली ही योजना.

आता घरी येतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लोकोत्सवाच्या निवड-समितीवर मी होतो. एका खेड्यातून सुवारी वादनाचे पथक आले होते. घुमट, शामेळ, झांज असा तो घट्ट विणलेला ताल. चढत चढत जायला त्याला अवधी लागतो. आम्ही पथकाला चार मिनिटे दिली. ती मंडळी घरून धुतलेली धोतरे आणि खांद्यावर शाली घेऊन आली होती. 'छायाचित्रात उठून दिसणार नाही', असे म्हणून मीच त्यांना चकचकीत साटीनचे सदरे आणि फेटे वाटले. वादन रंगात येते न येते तोच दिवा लागला आणि पडदा पडला. निवेदकाने त्यांचा उल्लेख 'ग्रामीण कलाकार' एवढाच केला. रात्री उशिरापर्यंत ती मंडळी मंडपामागे परतीच्या गाडीची वाट पाहत बसून होती. त्यांच्यातील वयोवृद्ध घुमटवादकाने सदरा नीट घडी करून माझ्या हाती दिला आणि तो शांतपणे म्हणाला, ''सायबा, कपडा चांगला होता. पण आमच्या गावाचे नाव कोणी घेतले नाही.'' त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते बोलणे मला अधिक लागले. पुढे जेव्हा डॉ. बेट यांच्या उतरवलेल्या कोटाची आणि बेलीच्या पुसलेल्या नावाची हकीगत मी वाचली, तेव्हा दोन्ही चुका एकाच रात्रीत मी केल्या होत्या, हे ध्यानात आले.

त्या अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. पहिली अधिकारी मित्रांसाठी. कलावंताचा वेष कलावंताला ठरवू द्या. त्याला झगमग हवी असेल तर ती त्याची हौस. साधे हवे असेल तर तो त्याचा मान. निवेदकाच्या कागदावर प्रत्येकाचे नाव, गाव आणि वाद्य लिहिलेले असावे, आणि मानधन व परतीची गाडी ही त्याला मागावी लागू नये. दुसरी शिक्षकांसाठी. आपल्या गावातील वादक, गायक, सोंगाडे यांची नावे आणि त्यांना येणाऱ्या चिजा मुलांकडून वहीत उतरवून घ्या. ते गुरू कोणाचे शिष्य, हेही विचारा. बेलीचे नाव पुन्हा उजेडात आले ते त्याच्याजवळ बसून त्याच्या आठवणी टिपून घेणारा माणूस भेटला म्हणून. तिसरी ग्रामस्थांसाठी. शासनाचा उत्सव वर्षातून एकदा येतो, पण गॅलॅक्सच्या तळावरचे वर्तुळ आपल्या देवळाच्या मंडपात दर पंधरवड्याला जमू शकते. त्याला अनुदान लागत नाही. एक म्हातारा आणि दोन पोरे एवढे पुरे.

दशावतारी कलावंताविषयी आपल्याकडे म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. रात्रीचा मुकुट आपण सगळेच पाहतो. सकाळी बोजा उचलायला निघालेल्या त्या माणसाला नावाने हाक मारणारा कोणी असला, तर त्या कलेला पुढच्या पिढीची चिंता करावी लागत नाही.

मी त्या घुमटवादकाच्या गावी पुढे गेलो होतो. तो हयात नव्हता. त्याच्या नातवाने घुमट काढले आणि सुवारी वाजवली. पुरी वाजवली, घाई केली नाही. मी त्याचे आणि गावाचे नाव वहीत लिहून घेतले. ते उशिराच होते, पण लिहिले. आपण इथून परत जाल तेव्हा आपापल्या गावातले असे एक नाव लिहून घ्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.